म्हशीच्या नावावरची गोचीड

त्या साली होळीच्या सुमारास मुंबईच्या प्रयोगशाळेकडून आमच्या दवाखान्यात एक लाकडी पेटी आली. मला वाटले, औषधे आली. फार दिवस मागितलेले फिनेल आले असेल म्हणून मी घाईघाईने खिळे उपसले, तर आत काचेच्या रिकाम्या नळ्या, स्पिरिटच्या दोन बाटल्या, एक चिमटा आणि एक हुकूम. प्रत्येक गावातून गुरांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा कराव्यात, नळीत वीस भराव्यात, आणि गाव, तारीख व जनावर अशी चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाकावी. शाई स्पिरिटमध्ये उतरते, म्हणून पेन्सिल. हुकमाखाली सही होती, फिनेलबद्दल अक्षर नव्हते.

एकोणीसशे तीसच्या दशकाची ही सुरुवात. मी कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात होतो. दोन कौलारू खोल्या आणि पुढे जनावर अडकवायचा लाकडी खोडा, एवढाच तो दवाखाना. लोक मला डाक्तर म्हणत. खरे डॉक्टर माझे साहेब, ते जिल्ह्याच्या गावी असत आणि महिन्याकाठी एकदा येऊन माझ्या चुका काढून जात. खालापूर महालातली गुरेही माझ्याकडेच होती. पायी हिंडायचे, बैलाच्या घशात नळकांड्याने औषध ओतायचे, लाथा चुकवायच्या आणि संध्याकाळी नोंदवही भरायची. मी मूळचा घाटावरचा, पण या दमट मुलखात मी खूश होतो. ज्याला माणसांपेक्षा गुरांशी बोलणे सोपे जाते त्याला यापेक्षा चांगली नोकरी मिळायची नाही.

गोचिडींच्या कामाने मात्र माझी गावोगाव टर उडाली. पळसदरीला एका शेतकऱ्याने सगळ्या आळीदेखत विचारले, "काय डाक्तर, सरकार आता गोचिडी खातंय काय?" दुसरा म्हणाला, "वीस कशाला, पायजे तेवढ्या न्या. बैल पन संगती न्या, लय खातो." मी हसलो आणि नळी भरून घेतली. साजगाव झाले, मोहोपाडा झाले. बैलाच्या कानातल्या, गाईच्या कासेजवळच्या, कुत्र्याच्या मानेवरच्या गोचिडी मी आता लांबून ओळखू लागलो होतो. कामाचा कंटाळा यायच्या ऐवजी गोडी लागत चालली होती, हे मी कोणाला सांगितले नाही.

शेवटी राहिले पठार. कर्जतपासून दोन तासांची खडी चढण, वर सपाट रान आणि त्यात धनगरांची चार घरे. त्यातल्या एका घरची मावशी रोज सकाळी दुधाची चरवी डोक्यावर घेऊन खाली उतरायची आणि माझ्याकडेही रतीब घालायची. पन्नाशीची, उंच, बोलायला फटकळ. घरच्या एकवीस म्हशी तीच सांभाळी. तिचा नवरा कानाने अधू आणि स्वभावाने गप्प. तिची एक रीत होती. माप काठोकाठ भरले तरी ती वर आणखी एक धार सोडायचीच. मी एकदा म्हटले, "मावशी, पुरे की, माप भरलं." तर माझ्याकडे असे बघितले की जणू मी तिला चोर म्हटले. त्यांच्यात नुसते मापाइतके देणे म्हणजे गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवण्यासारखे.

मी पठारावर पोचलो तेव्हा घामाने न्हालो होतो. मावशीने ताक दिले आणि कशासाठी आलो ते ऐकून कपाळाला आठी घातली.

"आमच्या म्हशींवर गोचिडी नसतात. मी रोज येचते न् चुलीत टाकते."

"मावशी, सरकारी काम आहे. एवढी नळी भरायची. वीस पाहिजेत, एकही कमी नको."

"वीस ना? बसा तुमी. जेवा अगुदर."

नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि घट्ट ताक. जेवण झाल्यावर मी जांभळीच्या सावलीत जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा उन्हे कलली होती आणि नळी माझ्या उशाशी भरलेली होती. मी मोजल्या. चोवीस. मला केवढे बरे वाटले! पेन्सिल काढली आणि चिठ्ठीवर लिहिले: पठार, तारीख, म्हैस. एकही गोचीड मी म्हशीच्या अंगावरून निघताना पाहिली नव्हती. हे तेव्हा मनातसुद्धा आले नाही, कारण म्हशींच्या घरी गोचीड म्हशीचीच असणार.

महिन्याभराने साहेब स्वतः आले, तेही ठरलेला दिवस सोडून. चेहरा फुललेला. त्या चोवीस गोचिडींत नऊ अशा जातीच्या निघाल्या होत्या की जी आपल्या जिल्ह्यात पूर्वी कोणाला सापडलेली नव्हती. डोंगराळ भागातली, अगदी क्वचित दिसणारी जात. प्रयोगशाळेने शाबासकी कळवली होती. साहेबांनी माझा हात हातात घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मी आठ दिवस जमिनीवर नव्हतो. वडिलांना लांबलचक पत्र लिहिले आणि त्यात गोचिडीच्या पायांवरच्या पट्ट्यांचेही वर्णन केले, जे त्यांना बहुधा आवडले नसावे.

नवव्या दिवशी साहेब पुन्हा आले, या वेळी जंगलखात्याचे पत्र घेऊन. पठार म्हणजे राखीव जंगल. तिथे गुरे चारायला दरवर्षी मृगाच्या आधी जंगलखात्याकडून परवाना मिळे. ते रान गुरांना बंद करावे असे त्या खात्याच्या मनात बरेच दिवस होते, फक्त कारण सापडत नव्हते. ते मी नळीत भरून, चिठ्ठी लावून दिले होते. ही नवी गोचीड म्हशींवर राहते, म्हशी उद्या खाली उतरतील, गोचीड खालच्या गुरांत पसरेल आणि तिच्याबरोबर एखादा ताप. सबब या वर्षी परवाना देऊ नये, असे पत्रात होते. साहेबांनी ते माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "आपल्या हातात काही नाही."

एकवीस म्हशी घेऊन ती माणसे जाणार कुठे? खालच्या प्रत्येक गावाचे गायरान गावच्या गुरांनाच पुरत नव्हते. शिवाय पठाराच्या गारव्यात वाढलेल्या म्हशी खालच्या उकाड्यात आटतात. परवाना गेला तर म्हशी विकायच्या आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे, दुसरा रस्ता नव्हता. मला अन्न गोड लागेना.

मी पुन्हा पठारावर गेलो. म्हटले, निदान ती गोचीड किती म्हशींवर आहे ते तरी बघू. थोड्याच असतील तर तेवढ्या वेगळ्या बांधता येतील. तीन दिवस मी एकवीसच्या एकवीस म्हशी कानापासून शेपटापर्यंत चाचपल्या. मावशी एकेक म्हैस धरून उभी राही. साध्या गोचिडी मिळाल्या, त्याही थोड्या. पायांवर पट्टे असलेली एकही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी थकून बसलो आणि हे सगळे कशासाठी चालले आहे ते तिला सांगून टाकले.

ती दूध काढत होती. धार थांबली.

"काय म्हनतो डाक्तर?" नवऱ्याने लांबून विचारले.

"काय नाय!" ती ओरडली, आणि पुन्हा दूध काढू लागली. माझ्याकडे वळून पाहिले नाही. मी खाली आलो.

दोन दिवसांनी रतीब घातल्यावर ती नेहमीसारखी निघून गेली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. शेवटची गाय बाहेर पडल्यावर आत आली आणि दार लोटून घेतले.

"डाक्तर, एक सांगू? रागावनार नाय ना?"

"सांगा की."

"त्या दिशी म्हशींवर पंधराच मिळाल्या. तुमी वीस सांगितल्या व्हत्या, वर सरकारचं माप. कमी कसं देऊ? घरामागं साळिंदर पडलं व्हतं मरून. थंड झालं तशा त्याच्यावरच्या गोचिडी उतरून दगडावर चालाय लागल्या. त्या घातल्या. पाच घालून माप झालं, मंग चार वर घातल्या."

मी आधी हसलो. खरेच, पोट धरून हसलो. मुंबईचे विद्वान भिंगाखाली बघत बसले होते ते दुधाच्या मापावरचे वरचे! मग मात्र मला राग आला. "अहो मावशी, ती काय चरवी होती? शास्त्राचं काम आहे ते!"

"माप ते मापच," ती हळूच म्हणाली.

"आणि साळिंदर कसलं? कुठून आलं?"

यावर ती खाली बघत सांगू लागली. साळिंदर रोज येऊन घरामागचे सुरणाचे कंद उकरून खात होते, म्हणून नवऱ्याने फास लावून मारले होते. राखीव जंगलात जनावर मारले तर परवाना जातो, वर खटला होतो. आता माझ्या लक्षात आले की ती दोन दिवस का गप्प होती. खरे सांगितले तर परवाना जाणार आणि न सांगितले तरी जाणार.

"मंग मला का सांगितलं?" मी विचारले. तिच्याशी बोलताना मी नकळत तिच्यासारखा बोलू लागे.

"तुमी तीन दिस म्हशींच्या खाली वाकून बसला व्हता रं बाबा. बघवंना."

एका सरकारी माणसाच्या हातात आपले घरदार देऊन ती मोकळी झाली होती, आणि तेही माझी पाठ दुखू नये म्हणून.

मेलेल्या साळिंदराबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण जिवंत साळिंदराच्या घरी जाऊन गोचीड आणली तर त्यात कोणाचा गुन्हा? दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो आणि मावशीच्या नवऱ्याने मला न बोलता पठाराच्या कड्याखाली उतरवले. तिथे एक बुटकी कपार होती. तोंडाशी काळे-पांढरे काटे विखुरलेले, आत कुरतडलेली हाडे. साळिंदरे हाडे कुरतडतात हे मला तोवर माहीत नव्हते. वरून कड्याचे पाणी चैत्र संपला तरी पाझरत होते आणि आतली माती हाताला गार लागत होती. मालक घरी नव्हते, किंवा आणखी आत होते आणि भेटायची त्यांची इच्छा नव्हती. मी पोटावर सरपटत शिरलो आणि जमिनीवरची भुसभुशीत माती एका पोत्यात भरून बाहेर आणली.

माती पांढऱ्या धोतरावर पसरली, ती माझ्याच. काहीच हलेना. मग एक आठवण झाली: म्हशीचा श्वास लागला की गवतावरची गोचीड पुढचे पाय वर करते. मी मातीवर तोंड नेऊन हळूहळू श्वास सोडू लागलो. आधी एक मातीचा कण उठला आणि त्याने पाय पसरले. मग दुसरा. लहान, मोठ्या, नुकत्याच कात टाकलेल्या, रक्त पिऊन फुगलेल्या. सगळ्यांच्या पायांवर पट्टे. मावशीचा नवरा तोवर बाजूला बसला होता, तो जवळ आला, त्यानेही मातीवर फुंकर घातली आणि लहान मुलासारखा हसला. त्या दवाखान्यात मी एकूण दहा वर्षे काढली, पण त्याला हसताना पाहिले ते तेवढेच.

एक माझ्या काखेतही चिकटली होती. ती मी वेगळ्या नळीत घातली आणि चिठ्ठीवर जनावराच्या जागी प्रामाणिकपणे 'मी' असे लिहिले.

पुढचे पंधरा दिवस मी साळिंदरांची बिळे शोधत हिंडलो. पळसदरीच्या ओढ्याकाठची, साजगावमागच्या टेकडीतली, मोहोपाड्याकडच्या बांधातली. तिथल्या बिळांतली माती कोरडी ठणठणीत. गोचिडी होत्या, पण वेगळ्या. पट्ट्यांची गोचीड मिळाली ती फक्त वर, जिथे कड्याचा ओलावा ऐन वैशाखात टिकतो तिथल्या तीन कपारींत. साळिंदर रोज पहाटे त्याच घरी परत येते. गोचीड पोट भरले की तिथेच गळून पडते, त्या मातीत कात टाकते, तिथेच अंडी घालते आणि घरमालकाची वाट बघत बसते. तिला बाहेर पडायची गरजच नसते. म्हैस कपारीत शिरत नाही आणि गोचीड रानात येत नाही, मग दोघींची गाठ पडणार कशी? आम्ही तिला दुर्मिळ म्हणत होतो, कारण तिच्या घरी कोणी गेले नव्हते. ते पंधरा दिवस मी आयुष्यात फार सुखाचे घालवले. पाय सोलून निघाले होते, अंगावर धड धोतर नव्हते, आणि मी वाटेने मोठमोठ्याने गात चालत असे.

मग अहवाल लिहिला. पहिल्या नळीची नोंद चुकीची आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मग त्या नऊ आल्या कुठून?"

"नळी भरली तेव्हा मी झोपलो होतो, साहेब."

"कोणी भरली?"

"झोपलो होतो."

त्यांनी अहवालाची घडी घातली. त्यांना बरेच कळले असावे. पण कळलेले सगळे कागदावर आणायचे नसते, हे त्यांना माझ्या आधीपासून येत होते. त्यांनी माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा लिहायला सांगितला: 'जनावर समक्ष न पाहता नोंद केली. निष्काळजी.' त्यांचे स्वतःचे अक्षर वाचता येत नसे, म्हणून तो शेरा माझ्याकडूनच लिहून घेतला आणि खाली सही ठोकली. मी रागावलो नाही. शेरा खराच होता.

अहवाल मुंबईला गेला, तिथून जंगलखात्याकडे, तिथून कुठे ते देव जाणे. वैशाख संपला. ढग यायला लागले. मावशी रोज खाली यायची, पायरीशी थांबायची, आणि मी मान हलवली की पुढे जायची. शेवटच्या आठवड्यात तिने थांबणेही सोडले. आणि मृगाला चार दिवस उरले असताना हुकूम आला. परवाना पूर्वीप्रमाणे, म्हशी एकवीस. गुरांच्या दवाखान्याच्या माणसाने जागेवर जाऊन कळप मोजावा आणि सोबतच्या परवान्याच्या मागे तसे लिहून सही करावी.

मी धावतच चढलो. मावशी गोठ्यात दूध काढत होती. मला बघून तिने बोट ओठांवर ठेवले. ती म्हैस बुजरी होती, परक्या माणसाचा आवाज आला की पान्हा चोरायची. हातात हुकूम धरून मी तसाच उभा राहिलो. चरवी भरली, मग मी वाचून दाखवले. तिने पदराला हात पुसले आणि कागदाला एकदा बोट लावले. डोळे भरून आले होते, पण रडली नाही. मी मात्र रडलो.

मग मोजायला लागलो. एकोणीस भरल्या. चुकलो असे वाटून पुन्हा मोजल्या.

"दोघी दिल्या," ती म्हणाली. "गेल्या बाजारी. खोपोलीकडं. तुमचा कागद येईल असं वाटंना. दुधाच्या व्हत्या म्हनून घेतल्या लोकांनी."

गोठ्यात दोन खुंटे रिकामे होते. त्यांच्या दोऱ्या तशाच बांधलेल्या होत्या. जांभळीखाली निजून लिहिलेल्या माझ्या एका शब्दाने त्या दोन म्हशी गेल्या होत्या, आणि ते आता कोणत्याही अहवालाने दुरुस्त होणार नव्हते. मला तिच्याकडे बघवेना. आणि कागदावर आज एकोणीस लिहिल्या, तर पुढच्या वर्षी परवाना एकोणीसचाच मिळणार. जंगलखात्याने आकडा कमी केल्याचे ऐकले होते, वाढवल्याचे कधीच नाही.

"ती बघा," मावशीने हात केला. "न् ती तिकडची. दोघी गाभन हायत. पावसात मोकळ्या व्हतील."

मी दोघींच्या पोटावर हात ठेवून पाहिले. वासरे आत हलत होती. मग परवाना गुडघ्यावर उलटा धरला आणि लिहिले: म्हशी एकवीस. समक्ष मोजल्या.